स्वरयंत्र वाचल्यानंतरचा आवाज : एका स्वरोपचार केंद्राचे आणि कमरेला बांधायच्या ध्वनिवर्धकाचे परीक्षण

डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार आणि केमोथेरपी पूर्ण झाल्यानंतर ज्यांचा आवाज घोगरा झाला, क्षीण झाला किंवा थोडे बोलताच दमू लागला, अशांसाठी पुण्यातील एका छोट्या खासगी केंद्रात मिळणारी स्वरोपचाराची सेवा आणि त्या उपचारांच्या जोडीने मी विकत घेतलेला कमरेला बांधायचा ध्वनिवर्धक, या दोहोंचे हे परीक्षण आहे. मी सांगली येथे वकिली करतो. स्वरयंत्राच्या वरच्या भागात झालेल्या, तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगासाठी सात आठवड्यांत 35 वेळा मिळून 70 ग्रे एवढी किरणमात्रा आणि तिच्यासोबत सिस्प्लॅटिन हे औषध मला देण्यात आले. रोग आटोक्यात आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत दुर्बिणीने पाहिलेला घसा डॉक्टरांना समाधानकारक वाटला. आवाज मात्र असा उरला होता की न्यायालयात दुसऱ्या रांगेपलीकडे तो पोहोचत नसे आणि दुपारनंतर तर तो उमटतच नसे. या केंद्राचे नाव मी देत नाही, कारण ते एकट्या थेरपिस्ट बाईंच्या कामावर उभे आहे आणि त्यांची ओळख जाहीर करण्याचा अधिकार मला नाही. परंतु तेथे काय केले जाते ते पुरेशा तपशिलाने लिहितो, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला आपल्या शहरातील सेवा त्याच कसोटीवर तपासून घेता येईल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वरोपचार ही सेवा प्रत्येक अशा रुग्णाला मिळालीच पाहिजे, आणि ती शक्यतो किरणोपचार सुरू होण्यापूर्वी मिळाली पाहिजे. ध्वनिवर्धक उपयोगी आहे, पण दुय्यम आहे.

स्वरयंत्र काढून न टाकता औषधे आणि किरणे यांच्या साहाय्याने रोग बरा करता येतो, हा विश्वास डॉक्टरांमध्ये मुख्यतः 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने रुजवला. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 332 रुग्णांवर तो झाला होता. शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढलेल्यांमध्ये आणि आधी केमोथेरपी व मग किरणोपचार घेतलेल्यांमध्ये दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सारखेच, म्हणजे 68 टक्के आढळले आणि दुसऱ्या गटातील 64 टक्के रुग्णांचे स्वरयंत्र शाबूत राहिले. पुढे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात सिस्प्लॅटिन किरणोपचारासोबतच दिल्यास दोन वर्षांनी 88 टक्के रुग्णांचे स्वरयंत्र जागेवर राहते असे दिसले, आणि आज आपल्याकडेही बहुसंख्य मोठ्या रुग्णालयांत हीच पद्धत अवलंबली जाते. या आकड्यांविषयी माझ्या मनात नितांत कृतज्ञता आहे, कारण स्वरयंत्र काढल्यावर श्वासासाठी गळ्याला जे भोक पाडावे लागते, ते न पाडता मी त्यांच्यामुळेच घरी आलो. तरीही रुग्णाने हे समजून घेतले पाहिजे की त्या टक्केवारीत ‘स्वरयंत्र राखले’ याचा अर्थ ते काढावे लागले नाही, एवढाच आहे. त्यातून निघणारा आवाज फोनवर कळतो का, नातवाला हाक ऐकू जाते का, पोटापाण्याचा व्यवसाय चालवता येतो का, याचा हिशेब त्या टक्केवारीत नाही.

आवाज का बिघडतो हे मला त्या केंद्रात पहिल्यांदा नीट समजावून सांगण्यात आले, आणि ते समजल्यामुळेच पुढचे व्यायाम मनापासून करता आले. बोलताना दोन्ही स्वरतंतू जवळ येतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेमुळे त्यांच्यावरचे मऊ, ओलसर आवरण सेकंदाला शंभराहून अधिक वेळा लाटेसारखे हलते. किरणोपचार चालू असताना हे आवरण सोलवटते आणि सुजते. ती सूज कित्येक महिने टिकू शकते. त्यानंतर खरा त्रास सुरू होतो, कारण सूज ओसरताना तिच्या जागी कठीण, तंतुमय ऊती तयार होत जातात, आवरणाची लाट मंदावते किंवा एका बाजूला थांबते, आणि दोन्ही तंतूंच्या मध्ये फट राहून हवा गळते. लाळग्रंथींबरोबरच स्वरयंत्रातील ओलावा देणाऱ्या बारीक ग्रंथीही किरणांनी कोरड्या पडतात, त्यामुळे चिकट कफ तंतूंवर बसतो आणि माणूस सतत खाकरत राहतो. मानेचे स्नायू आखडतात. या सगळ्यावर मात करण्यासाठी शरीर जो उपाय आपोआप शोधते तो सर्वांत घातक असतो: स्वरतंतूंच्या वर असलेल्या, एरवी आवाजात भाग न घेणाऱ्या पडद्यांनी गळा आवळून जोराने आवाज काढणे. माझ्या आवाजातली निम्मी खरखर किरणांनी आणि निम्मी या आवळण्याने आलेली होती, असे थेरपिस्ट बाईंचे निदान होते. पहिल्या निम्म्याबद्दल फारसे करण्यासारखे नव्हते, दुसऱ्या निम्म्याबद्दल पुष्कळ होते.

कर्करोग स्वरयंत्रात नसून जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये किंवा नाकामागच्या पोकळीत असला, तरी मानेतील गाठींवर किरणे देताना स्वरयंत्र वाटेत येते आणि आवाज बदलू शकतो. किरणांच्या दुष्परिणामांविषयी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्वरयंत्राला पोहोचणारी सरासरी मात्रा 44 ग्रेपेक्षा कमी राहिल्यास सूज येण्याची शक्यता कमी राहते असे नमूद आहे. म्हणून ज्यांचा रोग स्वरयंत्राबाहेर आहे त्यांनी उपचारांची आखणी होत असतानाच आपल्या डॉक्टरांना स्वरयंत्र किती वाचवता येईल हे विचारावे. याउलट स्वरतंतूंवरच्या अगदी सुरुवातीच्या रोगात केवळ किरणोपचार झाले असतील, तर आवाज उपचारांपूर्वीपेक्षा सुधारलेलाही आढळतो. दोन रुग्णांच्या आवाजाची तुलना करताना, आणि विशेषतः शेजारच्या कोणाचे तरी उदाहरण देऊन रुग्णाला धीर देताना, हा फरक लक्षात ठेवावा.

आता सेवेकडे वळतो. पहिल्या भेटीतच माझा विश्वास बसला, कारण त्या दिवशी एकही व्यायाम शिकवला गेला नाही. अलीकडचा दुर्बीण तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय आपण घशाला हात लावणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले आणि शेजारच्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे स्ट्रोबोस्कोपीसाठी पाठवले. या तपासणीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची हालचाल संथ झाल्यासारखी दिसते आणि कोणत्या बाजूचे आवरण हलते, कोणते हलत नाही, फट कोठे राहते, हे पडद्यावर रुग्णालाही पाहता येते. मी तोवर अनेकदा दुर्बिणीची तपासणी करून घेतली होती, पण तिचा रोख रोग परतला आहे काय एवढ्यापुरताच असे, आणि तो तसा असणे योग्यही होते. आवाजाच्या दृष्टीने माझा घसा कोणी पाहिला तो येथे प्रथम.

त्यानंतर मोजमापे झाली. आवाजाची एकूण बिघाडाची पातळी, खरखर, हवेची गळती, क्षीणता आणि ताण या पाच बाबींना शून्य ते तीन असे गुण देण्याची एक जपानी पद्धत जगभर वापरली जाते. ती वापरली गेली. दीर्घ श्वास घेऊन ‘आ’ किती सेकंद टिकतो हे मोजले गेले. निरोगी प्रौढ माणसाचा हा स्वर सहसा पंधरा सेकंद किंवा अधिक टिकतो आणि दहाच्या खाली गेला की काळजीचे कारण मानले जाते. माझा सहा सेकंदांत संपला. आवाजामुळे रोजच्या जगण्यात काय अडते याविषयीची 30 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेण्यात आली, जिच्यात जास्तीत जास्त 120 गुण होतात आणि गुण जितके जास्त तितका त्रास मोठा. ‘लोक मला पुन्हा पुन्हा बोलायला सांगतात’, ‘आवाजामुळे मी फोन टाळतो’ अशा आशयाच्या प्रश्नांना उत्तरे देताना मला जाणवले की आपण किती गोष्टी गुपचूप सोडून दिल्या आहेत. सर्व नोंदींची एक प्रत मला मिळाली. पुढे सुधारणा झाली की नाही हे ठरवताना या कागदाचा आधार होता, बाईंच्या शब्दावर किंवा माझ्या मनःस्थितीवर अवलंबून राहावे लागले नाही.

दोन गोष्टी त्यांनी अशा विचारल्या ज्यांचा आवाजाशी संबंध असेल अशी मला कल्पना नव्हती. एक म्हणजे श्रवण तपासणी. सिस्प्लॅटिनमुळे कानाची उच्च पट्टीतले ध्वनी ऐकण्याची क्षमता कायमची कमी होऊ शकते, आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू येईनासा झाला की माणूस नकळत गळ्यावर जोर देतो. दुसरी म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. मानेवर किरणोपचार झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची थायरॉइड ग्रंथी पुढील काही वर्षांत मंदावते. त्याने थकवा येतो आणि आवाज जड व भरड होतो. ही तपासणी सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने करत राहावी लागते. माझी पातळी बिघडलेलीच निघाली आणि गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आवाजाचा जडपणा थोडा उतरला. स्वरोपचार करणाऱ्या व्यक्तीने घशापलीकडे पाहिले, ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

व्यायाम वरवर पाहता अगदी साधे होते. पेल्यातील पाण्यात प्लॅस्टिकची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि तिच्यातून ‘ऊ’ असा स्वर काढत बुडबुडे एकसारखे येऊ द्यायचे. पाणी ओढायचे नाही, फक्त स्वर सोडायचा. पाण्याच्या प्रतिकारामुळे तोंडात आणि घशात मागे दाब तयार होतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी हलके जवळ येऊन कंप पावतात आणि वरचे पडदे आवळण्याची गरज उरत नाही. बुडबुडे मध्येच तुटले तर आपण जोर लावला हे लगेच समजते. दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. नळीनंतर मिटल्या ओठांनी ‘म’चा गुंजारव, तोही नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि ओठांवर कंप जाणवेल असा, मग ‘मामा’, ‘मनीमाऊ’, ‘मान’, ‘नमन’ असे अनुनासिकांनी भरलेले शब्द, आणि त्याच कंपावर हळूहळू वाक्ये. रोज पहाटे ओंकार करणाऱ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल, मात्र बाईंचा आग्रह असा होता की स्वर लांबवण्याची स्पर्धा येथे नाही आणि गळ्यात जरा ताण आला की तेथेच थांबायचे. याशिवाय मान सावकाश वळवण्याचे व्यायाम आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलका मर्दनाचा भाग होता. किरणोपचार झालेली त्वचा नाजूक असते, त्यामुळे हे मर्दन त्यांनी स्वतः दाखवल्याशिवाय घरी करू दिले नाही.

या साऱ्यापेक्षा मला अधिक उपयोगी पडली ती वाक्य तोडण्याची शिकवण. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही शेवटी. श्वास अपुरा असलेला माणूस एका दमात वाक्य रेटतो तेव्हा त्याचा आवाज नेमका क्रियापदापाशी विझतो. ‘माझ्या अशिलास ही अट मान्य नाही’ असे मी म्हणावे आणि समोरच्यांना ‘मान्य’पर्यंतच ऐकू जावे, असे न्यायालयात प्रत्यक्ष घडत होते. बाईंनी माझे युक्तिवाद ध्वनिमुद्रित करून ऐकवले, प्रत्येक वाक्यात श्वास कोठे घ्यायचा याच्या खुणा कागदावर करून दिल्या आणि शेवटच्या दोन शब्दांआधी पुरेशी हवा राखून ठेवण्याचा सराव करून घेतला. परक्या भाषेतील पुस्तकातून उचललेला हा व्यायाम नव्हता. मराठी बोलणाऱ्या रुग्णांचे वर्षानुवर्षे ऐकून तयार झालेला होता, आणि म्हणूनच मी म्हणतो की आपल्या भाषेत काम करणारा थेरपिस्ट मिळाला तर थोडा लांबचा प्रवासही करावा.

परिणाम कितपत झाला, हे मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर ‘आ’ आता अकरा सेकंदांपर्यंत टिकतो, ताणाचे गुण तीनवरून एकवर आले, खरखरीचे दोनवरच राहिले. जुना आवाज परत आला नाही आणि तो येईल असे मला कोणी सांगितलेही नव्हते. परंतु सकाळचा आवाज संध्याकाळपर्यंत पुरतो, आणि माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. हा अनुभव एकट्या माझा नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांवर झालेला आणि 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो: ज्यांना ठरावीक सत्रांचा स्वरोपचार दिला गेला त्यांची बोलण्याविषयीची स्वतःची भावना न दिलेल्यांपेक्षा सुधारली.

त्रुटीही नमूद केल्या पाहिजेत. घरी करायच्या व्यायामांचा छापील कागद इंग्रजीत आहे. इतके मराठीत काम करणाऱ्या केंद्राकडून ही अपेक्षा नव्हती, आणि ज्या शेतकऱ्याला किंवा गृहिणीला तो हाती दिला जातो त्यांच्या तो कितपत कामी येत असेल याची मला खरोखर चिंता वाटते. बाहेरगावच्या रुग्णांसाठी व्हिडिओवर सत्रे घेतली जातात, ही सोय मोलाची आहे, मात्र आवाजातला बारीक ताण इंटरनेटवरून नीट ऐकू येत नाही, त्यामुळे सुरुवातीची सत्रे समोरासमोरच घ्यावीत. फी खासगी दराने आहे आणि माझ्या विमा कंपनीने तो खर्च नाकारला. वेळ मिळण्यास प्रतीक्षा करावी लागते, कारण काम करणारी व्यक्ती एकच आहे. घरच्या माणसांना रुग्णाशी कसे बोलावे, दुसऱ्या खोलीतून त्याला हाका मारायला लावू नये, त्याचे अर्धे वाक्य स्वतः पूर्ण करू नये, हे मी विचारल्यावर समजावले गेले. ते पहिल्याच भेटीत व्हायला हवे.

याहून मोठी त्रुटी या केंद्राची नसून व्यवस्थेची आहे. मला जेथे किरणोपचार मिळाले तेथील घरी जातानाच्या कागदावर आहाराविषयी, दातांविषयी, पुढच्या तपासण्यांविषयी सविस्तर सूचना होत्या. आवाजाविषयी एक ओळही नव्हती. कर्करोग गेला, आता आवाजाचे काय एवढे, असा भाव डॉक्टरांच्या, नातेवाइकांच्या आणि हळूहळू स्वतः रुग्णाच्याही मनात घर करतो. तो मला मान्य नाही. ज्याचा व्यवहार, अधिकार, प्रार्थना आणि भांडण सारे आवाजावर चालते, त्याचा आवाज हा उपचारांचा भाग आहे. ऊती कठीण होण्याआधी, स्नायूंना आवळण्याची सवय लागण्याआधी स्वरोपचार सुरू झाला तर कमी श्रमात अधिक मिळते, म्हणून किरणोपचाराच्या वेळी डोके व मान स्थिर ठेवणाऱ्या मुखवट्याचे माप घेतले जाते त्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टचीही भेट घडवून आणली जावी.

ध्वनिवर्धकाविषयी आता लिहितो. शिक्षक आणि सहलींचे मार्गदर्शक वापरतात तसलाच हा आहे: तळहातापेक्षा थोडा मोठा, पट्ट्याने कमरेला अडकवायचा स्पीकर आणि कानांमागून डोक्याला बसणारा माइक. बाजारात असे यंत्र हजार ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान मिळते. माझे त्यातले मधल्या किमतीचे आहे. एका चार्जमध्ये न्यायालयाचा पूर्ण दिवस निघतो. गळ्यात अडकवायचा प्रकारही मिळतो, पण किरणोपचार झालेल्या मानेवर पट्टा आणि वजन नको, म्हणून तो घेऊ नये. डोक्यावरच्या पट्टीचा दाब कानांमागे पडतो, तेथे त्वचा लाल होऊ लागली तर मऊ कापडाची पट्टी लावावी. कॉलरला लावायचा बारीक माइक दिसायला बरा असला तरी तो तोंडापासून लांब असल्याने आवाज वाढवताच शिट्टी वाजते. डोक्यावरच्या माइकचा बोंड ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, श्वासाच्या थेट झोतातून बाजूला ठेवला आणि स्पीकर पुढे न ठेवता कमरेच्या बाजूला वळवला की ती शिट्टी जवळपास थांबते. काळ्या कोटाखाली यंत्र दिसत नाही, आणि न्यायाधीशांना आधी विनंती केली तेव्हा ते वापरण्यास एकाही न्यायालयात हरकत घेतली गेली नाही. वकिलांनी मात्र ताठ कॉलर आणि बँडचे माप एका क्रमांकाने सैल घ्यावे; सुजलेल्या मानेला तो आवळ सहन होत नाही.

याचा खरा लाभ ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याला आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि आजारी स्वरतंतूंना तेच सर्वाधिक बाधते. आपला आवाज पोहोचतो आहे ही खात्री असली की जोर आपोआप कमी होतो. मर्यादा अशी की यंत्र जे मिळेल ते मोठे करते. आवाज क्षीण पण स्वच्छ असेल तर ते उत्तम चालते. खरखर जास्त असेल तर खरखरही मोठी होते. आणि केवळ कुजबुज उरली असेल तर त्यातून फुसफुस बाहेर पडते, शब्द पडत नाहीत. स्वरोपचाराआधी मी हेच यंत्र लावून पाहिले होते तेव्हा पक्षकारांना माझे बोलणे फारसे कळले नव्हते, उपचारांनंतर त्याच यंत्रातून ते कळू लागले. आवाज सांभाळण्यासाठी कुजबुजत बोलावे असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो पाळू नये, जोराच्या कुजबुजीत घसा आवळलाच जातो.

घशासाठी म्हणून जे घरोघरी सुचवले जाते त्यातल्या दोन गोष्टींबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. खडीसाखर तोंडात धरून ठेवण्याची सवय किरणोपचारानंतर धोक्याची आहे, कारण लाळ आटलेल्या तोंडात साखरेने दात वेगाने किडतात आणि किरणे लागलेल्या जबड्यातील दात काढावा लागला तर हाड न भरून येण्याची भीती असते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकते. सिस्प्लॅटिननेही शरीरातील क्षार घटतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पुदिन्याच्या झणझणीत गोळ्यांनी क्षणभर गार वाटते आणि घसा अधिक कोरडा पडतो. साध्या पाण्याचा घोट वारंवार घेणे आणि साध्या पाण्याची सौम्य वाफ यांची बरोबरी करेल असे मला काही सापडले नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

सेवा निवडताना एक गोष्ट अवश्य पाहावी. वाचा व श्रवण क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. थेरपिस्टकडे तो नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात संकोच बाळगू नये. गायन शिकवणारे काही जण आवाज सुधारून देतो असे सांगतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु किरणे लागलेला घसा हे त्यांचे क्षेत्र नाही. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयातील वाचा-श्रवण विभाग येथे चौकशी करावी. पुण्यात भारती विद्यापीठात हा विषय शिकवला जातो, आणि जेथे विषय शिकवला जातो तेथे साधारणतः बाह्यरुग्ण सेवाही असते.

ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना उरते. यंत्राची पातळी दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी लागत असेल, सुधारलेला आवाज पुन्हा बसू लागला असेल, गिळताना कानात कळ येत असेल, कफात रक्त दिसत असेल किंवा श्वास घेताना आवाज होत असेल, तर पातळी वाढवून काम भागवू नये आणि व्यायामही चालू ठेवू नयेत. श्वासाला आवाज येत असेल किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाकीच्या लक्षणांसाठी पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडून दुर्बीण तपासणी करून घ्यावी आणि त्यांनी सांगितल्यावरच पुन्हा नळी हातात धरावी.